ह्युमिक, फुल्विक की सायट्रिक? चुनखडीच्या जमिनीतला हिशेब

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. अंबड तालुक्यात चार वर्षांची मोसंबीची बाग, शेजारी कापूस आणि तूर. माती परीक्षणात सामू (pH, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप) ८.३, सेंद्रिय कर्ब ०.३८ टक्के, मुक्त चुना ११ टक्के. मोसंबीची नवी पालवी पिवळी निघतेय, शिरा मात्र हिरव्या. एका दुकानदाराने ह्युमिक दिलं. दुसरा म्हणाला, ह्युमिक आता जुनं झालं, फुल्विक घ्या. मोबाइलवरच्या व्हिडिओत कोणीतरी सांगितलं की ठिबकमधून सायट्रिक ॲसिड सोडा, सामू खाली येईल. तुमचं म्हणणं असं की ही तिन्ही सेंद्रिय आम्लंच आहेत, मग फरक काय, आणि जमिनीतला ह्युमस, म्हणजे कुजून मातीत मिसळलेला सेंद्रिय भाग, यातल्या कशाने वाढतो?

प्रश्न एक दिसत असला तरी त्यात तीन दुखणी एकत्र आलीत: पिवळेपणा, सामू आणि ह्युमस. पिवळेपणा याच हंगामात सोडवायचा आहे. ह्युमस वाढायला वर्षं लागतात. आणि सामू तुमच्या जमिनीत उतरणारच नाही, त्याचा हिशेब पुढे करून दाखवतो. दुकानात या तिन्हींवर एकच डबा मिळतो आणि घोळ तिथून सुरू होतो.

मी परभणीकडे माती-पाणी तपासणीचं आणि त्यावरून सल्ला देण्याचं काम करतो. आमच्याकडे येणाऱ्या नमुन्यांत तुमच्यासारखे रिपोर्ट काही वेगळे नाहीत. मराठवाड्यातल्या काळ्या जमिनीत हेच चित्र आहे: सामू आठच्या वर, चुना भरपूर, कर्ब अर्ध्या टक्क्याच्या आत. जमीन काळीभोर आहे म्हणजे ह्युमस खच्चून भरलाय, असा एक समज गावोगाव आहे. तो खरा नाही. आपल्या मातीचा काळा रंग मुख्यतः चिकणमातीतल्या खनिजांमुळे आणि त्यांना घट्ट चिकटलेल्या थोड्याशा सेंद्रिय भागामुळे येतो. ०.३८ टक्के कर्बाची मातीसुद्धा चांगली काळी दिसते.

आता आम्लांकडे वळू. ह्युमिक आणि फुल्विक मातीत वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेले नसतात. ती वाटणी प्रयोगशाळेत होते. फ्रान्झ आखार्ड या जर्मन रसायनतज्ज्ञाने १७८६ साली पीट, म्हणजे दलदलीतला कुजलेला काळा थर, अल्कलीत भिजवून काळा अर्क काढला आणि त्यात आम्ल घातलं, तर काळा साका खाली बसला. आजही मूळ रीत तीच आहे. माती कॉस्टिक सोड्याच्या पातळ द्रावणात हलवायची. जे विरघळत नाही ते ह्युमिन. जे विरघळतं त्यात आम्ल घालून सामू १ ते २ पर्यंत खाली आणायचा. मग जे साक्यासारखं खाली बसतं ते ह्युमिक आम्ल, आणि जे तरीही पाण्यात राहतं ते फुल्विक. स्वीडनच्या स्वेन ओदेन यांनी फुल्विक हे नाव विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रूढ केलं.  

म्हणजे ही नावं एकेका ठरावीक पदार्थाची नाहीत. सायट्रिक आम्ल म्हटलं की त्याचं एक पक्कं सूत्र आहे, कुठल्याही कारखान्यातून आलं तरी तेच. ह्युमिक आम्लाला असं सूत्र नाही. ते हजारो रेणूंचं मिश्रण असतं. कोळशाच्या खाणीतून काढलेलं ह्युमिक, गांडूळखतातलं ह्युमिक आणि तुमच्या रानातलं ह्युमिक यांच्यात पुष्कळ फरक असतो. २०१५ साली योहानेस लेहमान आणि मार्कुस क्लेबर यांनी ‘नेचर’मध्ये तर असं मांडलं की मातीतला सेंद्रिय भाग म्हणजे झाडांचे आणि सूक्ष्मजीवांचे अवशेष सतत तुटत जाण्याची एक लांब साखळी आहे. मोठ्ठे, टिकाऊ ‘ह्युमिक रेणू’ जमिनीत तयार होतात ही जुनी कल्पना त्यांना मान्य नाही. सामू १३ च्या अल्कलीत माती घुसळून जे निघतं, ते मातीत तसंच होतं कशावरून, असा त्यांचा आक्षेप आहे. सगळ्या तज्ज्ञांना तो पटलेला नाही, वाद चालू आहे. मला स्वतःला त्यांचं म्हणणं बरंचसं पटतं. तरी ही वाटणी कामाची आहे, कारण बाटलीत जे येतं ते याच रीतीने काढलेलं असतं.

दोघांतला फरक आकड्यांत असा. ह्युमिकमध्ये कर्ब साधारण ५० ते ६० टक्के, फुल्विकमध्ये ४० ते ५०. प्राणवायू उलट, फुल्विकमध्ये जास्त. जास्त प्राणवायू म्हणजे आम्लगट जास्त, आणि आम्लगट जास्त म्हणजे लोह, जस्त, तांबं धरून ठेवायची ताकद वजनाच्या मानाने जास्त. फुल्विकचे रेणू आकाराने लहान, रंग पिवळसर ते तांबूस, आणि ते कुठल्याही सामूला विरघळलेले राहतात. ह्युमिक गडद तपकिरी ते काळं, मोठ्या कणांचं, आणि दोन गोष्टींना बिचकणारं: आम्ल आणि कॅल्शियम. यातलं कॅल्शियम आपल्याकडे सगळ्यात महत्त्वाचं. चुनखडीच्या जमिनीत ह्युमिक टाकलं की त्यातला बराच भाग कॅल्शियमला बांधला जाऊन तिथेच मातीच्या कणांवर बसतो. हे वाईट नाही. मातीचे कण त्याने धरून राहतात, भुसभुशीतपणा टिकतो. पण ते खोल मुळापर्यंत वाहत जाईल ही अपेक्षा ठेवू नका. फुल्विक पाण्याबरोबर हलतं, म्हणून ते लवकर दिसतं आणि लवकर वाहूनही जातं. गवताळ प्रदेशातल्या काळ्या मातीत ह्युमिकचा वाटा जास्त निघतो, पावसाळी जंगलातल्या आम्लधर्मी मातीत फुल्विकचा. यात कॅल्शियमचा हात मोठा आहे.

तिसरा गट लहान, साध्या आम्लांचा: सायट्रिक, मॅलिक, ऑक्झॅलिक, ॲसेटिक, लॅक्टिक, सक्सिनिक. काटेकोर बोलायचं तर ही ह्युमस नव्हेत. मुळं आणि सूक्ष्मजीव ती ताजी ताजी सोडतात आणि दुसरे सूक्ष्मजीव ती काही तासांत खाऊन टाकतात. मातीच्या पाण्यात कुठल्याही क्षणी त्यांचं प्रमाण नगण्य असतं. माझ्या मते मात्र तुमच्या प्रश्नात सगळ्यात मोलाचा गट हाच आहे, आणि तो बाटलीतून विकत घेण्याजोगा नाही, म्हणून त्याबद्दल कोणी बोलत नाही.

हरभऱ्याचं घ्या. थंडीत सकाळी हरभऱ्याच्या रानातून उघड्या पायांनी चाललात की पोटऱ्या चरचरतात. जुनी माणसं रात्री पिकावर स्वच्छ पांढरं फडकं पसरून ठेवायची, पहाटे ते दवासकट पिळून घ्यायची, आणि ती आंब बाटलीत भरून पोटदुखीसाठी राखून ठेवायची. ती आंब म्हणजे मुख्यतः मॅलिक आम्ल, जोडीला ऑक्झॅलिक. पानावर आपल्याला दिसतं म्हणून कळतं. जमिनीखाली हरभऱ्याची मुळंही सायट्रिक, मॅलिक सोडत असतात. चुनखडीच्या जमिनीत स्फुरद (फॉस्फरस) कॅल्शियमला बांधला जातो आणि बहुतेक पिकांना तो मिळत नाही. हरभरा मुळाच्या अगदी अंगालगतचा तो स्फुरद या आम्लांनी सुटा करून घेतो. स्फुरदाला हरभरा आपल्या काळ्या जमिनीत इतर पिकांच्या मानाने कमी प्रतिसाद देतो, त्याचं एक कारण हेच आहे.

तुरीची तऱ्हा वेगळी. हैदराबादजवळच्या पाटणचेरूच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेत काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी १९९० साली दाखवलं की तुरीची मुळं पिसिडिक नावाचं आम्ल सोडतात आणि ते लोहाला पकडून लोहाशी बांधलेला स्फुरद मोकळा करतं. लाल जमिनीत याचा उपयोग मोठा. आपल्याकडे स्फुरद जास्त करून कॅल्शियमशी बांधलेला, त्यामुळे तुरीची ही करामत इथे तितकी चालत नाही.

गहू आणि बार्लीसारखी गवतवर्गीय पिकं लोहासाठी खास आम्लं सोडतात, म्युजिनिक गटातली. ज्वारी त्या बाबतीत फार कंजूष आहे. चुनखडीच्या पट्ट्यात ज्वारी पिवळी पडते आणि त्याच रानात गहू हिरवा उभा राहतो, ते यामुळे. मोसंबीकडे ही सोयच नाही. तिची मुळं आजूबाजूला थोडी आम्लता सोडतात आणि मुळाच्या पृष्ठभागावर लोहाचं रूप बदलून ते आत घेतात. पाण्यात किंवा मातीत बायकार्बोनेट, म्हणजे चुन्यातून पाण्यात उतरणारा आम्लमारक क्षार, जास्त झालं की ती आम्लता तिथल्या तिथे मारली जाते. लोह जमिनीत भरपूर असतं, झाड मात्र उपाशी.

आता व्हिडिओतल्या सायट्रिकचा हिशेब. एक हेक्टर जमिनीचा १५ सेंटिमीटरचा थर साधारण २० लाख किलो धरतात, म्हणजे एकरी ८ लाख किलो. तुमच्याकडे चुना ११ टक्के. म्हणजे एकरात वरच्या वितभर थरात ८८,००० किलो चुना. एक किलो सायट्रिक आम्ल जास्तीत जास्त ७८० ग्रॅमच्या आसपास चुना मारतं. एकरी दोन किलो सोडलंत तर दीड किलो चुना गेला, आणि ८७,९९८ किलो उरला. जोवर मोकळा चुना आहे तोवर सामू ८.२-८.३ च्या आसपासच परत येऊन थांबतो. शिवाय सायट्रिक हे सूक्ष्मजीवांचं आवडतं खाद्य, एक-दोन दिवसांत ते संपलेलं असतं. ज्यांना डोळ्यांनी बघायचंय त्यांनी आपल्या रानातलं सुकं ढेकूळ बशीत घ्यावं आणि त्यावर लिंबू पिळावं. बारीक फेस येऊन चुरचुर आवाज येईल. थोड्या वेळाने आवाज थांबतो. तेव्हा संपलेलं असतं ते लिंबू. चुना तिथेच असतो.

ह्युमिकचा हिशेब याहून मजेदार आहे. शुद्ध ह्युमिक आम्लाचा एक किलो फार तर अडीचशे ते साडेचारशे ग्रॅम चुना मारू शकेल. पण दुकानात मिळतं ते पोटॅशियम ह्युमेट, म्हणजे ह्युमिकला पालाशच्या अल्कलीने आधीच शांत केलेलं. म्हणून तर ते पाण्यात विरघळतं. त्याचं द्रावण सामूच्या पट्टीवर ९-१० दाखवतं. ज्या द्रावणाचा सामू तुमच्या मातीपेक्षा वर आहे त्याने मातीचा सामू कसा उतरेल?

ह्युमस वाढवायचं म्हणाल तर तोही आकडा बघून घ्या. ०.३८ टक्क्यांनी तुमच्या एकरात वरच्या थरात तीन हजार किलोंच्या वर कर्ब आत्ताच आहे. दोन किलो ह्युमेटमधून किलोभर कर्ब जातो. पाच टन शेणखत घातलंत, त्यात निम्मं पाणी आणि थोडी माती धरली, तरी पाच-सहाशे किलो कर्ब जातो. त्यातला बराचसा आपल्या उन्हात कुजून हवेत उडून जाणार, हे खरं. तरी जे उरतं त्याच्यासमोर बाटली कुठेच नाही.

मग ह्युमिक म्हणजे निव्वळ फसवणूक का? नाही. ते वेगळ्या कामाचं आहे. थोड्या मात्रेत ते मुळांना चाळवतं. मुळाच्या पेशीतले प्रोटॉन पंप, म्हणजे आम्लता बाहेर टाकणारी यंत्रणा, वेगाने चालतात, आडवी बारीक मुळं जास्त फुटतात. २०१४ साली जुन्या प्रयोगांचा एक मोठा एकत्रित आढावा निघाला, त्यात खोडपाला आणि मुळं या दोन्हींच्या वजनात सरासरी २० टक्क्यांच्या थोडी वर वाढ दिसली. मात्र त्यातले बरेच प्रयोग कुंडीतले आणि हरितगृहातले होते. शेतातला फरक त्याहून कमी आणि बेभरवशाचा असतो. माझा अनुभव असा की नव्या लागवडीत, हलक्या मुरमाड रानात, कर्ब अगदीच कमी असलेल्या जागी आणि खताबरोबर दिलं तर काहीतरी हाती लागतं. भारी काळ्या रानात, वर्षाआड शेणखत पडतंय अशा ठिकाणी, टाकलेली आणि कोरी ओळ शेजारी उभी केली तर बऱ्याचदा फरक ओळखू येत नाही. कोरी ओळ मात्र ठेवायलाच हवी. सगळ्या बागेत एकदम टाकलं की पाऊस बरा झाला म्हणून झाडं सुधारली की डब्यामुळे, हे देवालाही सांगता येणार नाही.

फुल्विकची जागा फवारणीत. लोह-जस्त त्याला धरून राहतात, सामू कमी असलेल्या द्रावणातही ते फाटत नाही. जमिनीतून आळवणीला (मुळाशी द्रावण ओतायला) महागडं फुल्विक टाकण्यात मला अर्थ वाटत नाही. ‘ह्युमिक जुनं झालं’ हे तर दुकानातलं बोलणं आहे.

घेणारच असाल तर दोन गोष्टी घरी तपासा. पहिली ओळख पटवायची. काचेच्या ग्लासात पावसाचं किंवा आरओचं पाणी घ्या, चिमूटभर ह्युमेट घाला, काळं द्रावण होईल. मग त्यात फरशी धुवायचं ॲसिड थेंब थेंब सोडा. मोकळ्या हवेत, हातमोजे घालून, आणि लेकरं लांब ठेवून. खरं ह्युमिक असेल तर काळा कापसासारखा साका धरतो, अर्ध्या तासात तळाला बसतो आणि वर चहासारखं नाहीतर पिवळसर पाणी राहतं. साका धरलाच नाही तर आत ह्युमिक जवळपास नाही. फुल्विकसाठी ही परीक्षा अपुरी आहे, कारण मळीचं पाणी किंवा कागद कारखान्यातला लिग्नोसल्फोनेटही आम्लात तसाच विरघळलेला राहतो. तिथे प्रयोगशाळेशिवाय इलाज नाही. ही उत्पादनं २०२१ पासून खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत जैव-उत्तेजक म्हणून आली आहेत, तेव्हा लेबलवर ह्युमिकचं आणि फुल्विकचं प्रमाण वेगवेगळं लिहिलंय का ते बघा. नुसतं मोठ्या अक्षरात ‘९८ टक्के’ असेल तर कशाचे ९८ टक्के हे विचारा. कित्येकदा ते नुसतं विरघळण्याचं प्रमाण असतं.

दुसरी परीक्षा तुमच्या बोअरच्या पाण्याची. तेच चिमूटभर ह्युमेट बोअरच्या पाण्यात घालून रात्रभर ठेवा. सकाळी तळाला काळा गाळ दिसला तर पाणी जड आहे, त्यातल्या कॅल्शियमने ह्युमिक फाटलंय. हेच ठिबकमधून सोडलं तर फिल्टर आणि ड्रिपर बसणार. मराठवाड्यात हे फार घडतं आणि दोष ठिबकवाल्यावर जातो. असं पाणी असेल तर बादलीतून झाडाच्या आळ्यातच आळवणी करा. आणि काहीही झालं तरी ह्युमेट कॅल्शियम नायट्रेटबरोबर किंवा फॉस्फोरिक ॲसिडबरोबर एका टाकीत मिसळू नका. एकाने कॅल्शियममुळे फाटेल, दुसऱ्याने आम्लामुळे.

आता मोसंबी. तुम्ही जे वर्णन केलंय, नवं पान पिवळं आणि शिरांची जाळी हिरवी, ते लोहाच्या कमतरतेचं आहे. पान लहान, अरुंद आणि शिरांमध्ये पिवळे पट्टे-ठिपके असतील तर जस्तही कमी आहे. आपल्याकडे दोन्ही जोडीने येतात. जुनं पान एकसारखं पिवळं पडत असेल तर तो नत्राचा प्रश्न. खोडाला डिंक, मुळं कुजकी, असं काही असेल तर मात्र खताचा विचार नंतर, आधी रोगाचा. झाडाखाली वीतभर उकरून बारीक मुळं पांढरी आहेत का काळी, हे बघायला पाच मिनिटं लागतात. ते न बघता कोणी सल्ला देत असेल तर तो सल्ला नको.

लोहासाठी सगळ्यात लवकर दिसणारा उपाय फवारणी. दहा लिटर पाण्यात ५० ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि १० ग्रॅम सायट्रिक आम्ल. आधी सायट्रिक विरघळवा, मग हिराकस. क्रम उलटा झाला किंवा सायट्रिक विसरलात तर बोअरच्या पाण्यात फिकट हिरवं द्रावण बघता बघता गंजासारखं पिवळट होतं. ते झालं की त्यातलं लोह पानाच्या कामाचं उरत नाही. व्हिडिओतल्या सायट्रिकची खरी जागा ही, पंपाच्या टाकीत. ऊन उतरल्यावर फवारा, कोवळ्या पालवीवर, आधी दोन-चार झाडांवर करून बघा. फवारणीने आहे ती पानं हिरवी होतात, पुढची पालवी पुन्हा पिवळी येऊ शकते, म्हणून ती परत करावी लागते.

जमिनीतून द्यायचं तर चिलेट, म्हणजे लोहाला धरून ठेवणारा रेणू, कोणतं हे महत्त्वाचं. इडीटीएचं लोह ८.३ सामूला टिकत नाही. कॅल्शियम त्याची जागा घेतं आणि लोह खाली बसतं. इडीडीएचए, दुकानात ज्याला ऑर्थो-ऑर्थो म्हणतात, ते टिकतं. त्याचं पाणी गडद लाल होतं. महाग आहे, म्हणून लेबलवरच्या मात्रेत फक्त पिवळ्या झाडांना, मुळाशी, आणि वरून माती ओढून, कारण उन्हात ते बिघडतं. मोठ्या बागेला परवडत नसेल तर जुनी रीत अजून चांगली आहे: हिराकस आठ-दहा पट चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळायचं, ओल धरून सावलीत तीन-चार आठवडे मुरू द्यायचं, आणि मग झाडाच्या पाणीपट्ट्यात चर काढून गाडायचं. त्या शेणखतात ह्युमिकही असतं, फुल्विकही, आणि कुजताना सतत तयार होणारी लहान आम्लंही. ती लोहाला धरतात आणि चुन्यापासून काही काळ वाचवतात. विकत घ्यायला निघालेली तिन्ही आम्लं उकिरड्यात आहेत, फक्त मुरायला वेळ द्यावा लागतो.

अख्ख्या रानाचा सामू उतरत नाही, पण मुळाजवळच्या ओंजळभर मातीचा उतरवता येतो. एक किलो गंधक मातीत आम्ल होऊन तीन किलोंच्या वर चुना मारतं, त्यामुळे चरात शेणखताबरोबर गंधक दिलं तर तेवढ्या पट्ट्यात फायदा दिसतो. मुळंही नेमकं हेच करतात, अख्ख्या जमिनीशी न भांडता आपल्या भोवतीचे दोन-चार मिलिमीटर सांभाळतात. जिप्समचा सल्ला कोणी दिला असेल तर थांबा. जिप्सम चोपण जमिनीला, सोडियम जास्त असेल तिथे. तुमच्या रिपोर्टवरून तरी तसं दिसत नाही.

पाणी देण्याची पद्धतही यात येते. भारी जमिनीत पाणी साचलं की मुळांभोवतीचा कार्बन डायऑक्साइड अडकतो, चुन्याशी मिळून बायकार्बोनेट वाढतं, आणि पिवळेपणा पसरतो. तुमची झाडं भर पावसाळ्यात, ऑगस्ट-सप्टेंबरात जास्त पिवळी पडत असतील तर आधी ओळींमधून चर काढा. कुठल्याही डब्यापेक्षा त्याचा गुण लवकर येईल.

ह्युमसबद्दल लांबण लावत नाही. कापसाची पऱ्हाटी जाळू नका, हंगाम संपताच श्रेडरने बारीक करून मातीत घाला. बांधावर रचून ठेवली तर गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामाला तिथूनच येते. गुळी, तुरीचा पाला रानाबाहेर जाऊ देऊ नका. बागेच्या दोन ओळींमध्ये पावसाळ्यात ताग किंवा ढैंचा घेऊन फुलोऱ्याआधी गाडा. नांगरट कमी. कर्बाचा आकडा ०.३८ वरून ०.५ ला यायला बरीच वर्षं लागतील, आणि कधी कधी माती तपासणीच्या दोन नमुन्यांतला फरकच त्याहून जास्त निघतो, तेव्हा दरवर्षी आकडा बघून जीव कासावीस करू नका.

यावरून तुम्हाला लगेच करायचं ते एवढंच: मुळं उकरून बघा, चर काढा, हिराकस-सायट्रिकची फवारणी करा, थोड्या झाडांना ऑर्थो-ऑर्थो देऊन बघा. ह्युमिकचा घेतलेला डबा वाया घालवू नका, एका ओळीला आळवणी करा, शेजारची कोरी ठेवा. फुल्विक आत्ता घेऊ नका.

नेमकं सांगायला मला अजून दोन गोष्टी लागतील. कलमाचा खुंट, म्हणजे खालचं मूळझाड, रंगपूर लिंबाचा आहे की जंभेरीचा, हे रोपवाटिकेत विचारा. चुना सहन करण्यात रंगपूर सरस असतो, आणि झाडं रंगपूरवर असूनही इतकी पिवळी असतील तर माझा संशय पाण्यावर जाईल. म्हणून दुसरी गोष्ट पाण्याची तपासणी. जालन्याजवळ खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा, किंवा जवळच्या कुठल्याही प्रयोगशाळेत द्या. बोअर अर्धा तास चालवून मग बाटली भरा. रिपोर्टमधला बायकार्बोनेटचा आकडा इथे टाका, ठिबकच्या पाण्यात आम्ल सोडायचं का आणि किती, ते त्यावरून सांगतो.